जेक्वेरी काढून हलकी लायब्ररी घ्यावी, की स्वतःची चार फंक्शनं लिहावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑनलाइन अर्ज भरण्याची एक जुनी साइट सांभाळायला आली आहे. तिच्यात जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) आहे, पण वापर मोजक्याच कामांपुरता: एलिमेंट (पानावरचा एखादा घटक) शोधणं, क्लास लावणं-काढणं, टेबलमध्ये ओळी घालणं, क्लिक ऐकणं. फोनवर पान जड वाटतं. जेक्वेरीच्या जागी झेप्टो, कॅश किंवा अंब्रेला यांपैकी एखादी छोटी लायब्ररी घ्यावी, की साध्या जावास्क्रिप्टमध्ये लिहावं? आणि ते सगळ्या ब्राउझरमध्ये सारखं चालेल का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. स्वतःची एक छोटी फाइल लिहा, शंभरेक ओळींची. फक्त ती लिहिण्याआधी, जेक्वेरी तुमच्या नकळत कोणती कामं करत होती ते नीट शोधा. नावं बदलणं सोपं आहे, एका दुपारचं काम. अर्ज अडकतात ते त्या न दिसणाऱ्या कामांपाशी.

ही लायब्ररी मुळात का आली ते आधी पाहू, म्हणजे आज तिच्यातलं काय लागतं आणि काय नाही हे ठरवता येईल. जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये जेक्वेरी लोकांसमोर ठेवली, तेव्हा ब्राउझरांमध्ये खरंच मोठा फरक होता. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये इव्हेंट (क्लिकसारखी घटना) ऐकण्याचं ॲडइव्हेंटलिसनर नव्हतं, त्याच्या जागी अटॅचइव्हेंट होतं. त्यात हँडलरमधलं, म्हणजे इव्हेंट झाला की चालणाऱ्या फंक्शनमधलं, 'धिस' त्या एलिमेंटऐवजी विंडोकडे बोट दाखवायचं आणि एकाच इव्हेंटवर दोन-तीन हँडलर लावले तर ते कोणत्या क्रमाने चालतील याचा भरवसा नसायचा. टेबल, टीबॉडी, टीआर आणि सिलेक्ट यांच्या इनरएचटीएमएलमध्ये, म्हणजे आतल्या मजकुरात, लिहिताच येत नव्हतं, आणि ही अडचण आवृत्ती ९ पर्यंत टिकली. सीएसएस सिलेक्टरने, म्हणजे 'अमुक क्लासचे सगळे' अशा खुणेने, एलिमेंट शोधायची सोयच कुठे नव्हती, म्हणून सिझल नावाचं शोधयंत्र लायब्ररीच्या पोटात ठेवावं लागलं. त्या काळात ज्यांनी कोड लिहिला त्यांना जेक्वेरीबद्दल कृतज्ञता वाटते, मलाही वाटते. तिने आमच्या रात्री वाचवल्या.

आता यातलं बहुतेक संपलं आहे. सिलेक्टरने शोधायची ब्राउझरची स्वतःची सोय, क्वेरीसिलेक्टर, इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये आली, ॲडइव्हेंटलिसनर ९ मध्ये, क्लासलिस्ट १० मध्ये. जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच गाभ्यावर, गेला आणि १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. गिटहबने आपल्या साइटवरून जेक्वेरी २०१८ मध्ये पूर्ण काढली, बूटस्ट्रॅप ५ तिच्याशिवाय २०२१ मध्ये आलं. म्हणजे ब्राउझरांमधले मतभेद मिटवणारा मध्यस्थ, हे तिचं मूळ काम आता जवळपास उरलेलं नाही. उरल्या आहेत त्या तिने लावलेल्या सवयी, आणि तुमचा जुना कोड त्याच सवयींवर उभा आहे.

पहिली सवय रिकाम्या संचाची. जेक्वेरीला पानावर नसलेलं एलिमेंट मागितलं तर ती काही न बोलता रिकामा संच देते आणि पुढच्या सगळ्या क्रिया शांतपणे शून्य वेळा होतात. क्वेरीसिलेक्टर अशा वेळी नल, म्हणजे 'काहीच नाही', देतं आणि पुढच्याच टिंबावर कोड फुटतो. जुन्या साइटवर एकच जावास्क्रिप्ट फाइल दहा पानांवर लावलेली असते आणि तिच्यातला अर्धा कोड त्या त्या पानावर नसलेल्या एलिमेंटशी बोलत असतो. जेक्वेरी काढल्या दिवशी यातली नऊ पानं बंद पडू शकतात. म्हणून माझ्या फाइलमधलं 'सगळे शोध' हे फंक्शन नेहमी खरा ॲरे देतं, रिकामा का असेना. 'एक शोध' हे वेगळं फंक्शन आहे आणि एलिमेंट सापडलं नाही तर ते सिलेक्टरच्या नावासकट एरर फेकतं. एलिमेंट असलंच पाहिजे तिथे 'एक', असेल-नसेल तिथे 'सगळे'. हा भेद लिहिणाऱ्याला प्रत्येक ओळीत ठरवावा लागतो आणि तेच मला हवं असतं.

दुसरी सवय सिलेक्टरची. आयडी आकड्याने सुरू होत असेल, उदाहरणार्थ डेटाबेसमधला नोंद क्रमांक तसाच आयडी म्हणून छापला असेल, तर हॅश आणि १२ असं लिहिलेलं जेक्वेरीत चालतं, कारण साधा आयडी दिसला की ती थेट गेटएलिमेंटबायआयडीकडे जाते. क्वेरीसिलेक्टर मात्र तोच सिलेक्टर चुकीचा म्हणून नाकारतं. तिथे सीएसएस डॉट एस्केप वापरा, किंवा सरळ गेटएलिमेंटबायआयडी. > या खुणेने, म्हणजे 'त्याची थेट मुलं' अशा अर्थाने सुरू होणारा सिलेक्टर जेक्वेरीच्या फाइंडमध्ये चालायचा, आता त्याच्या आधी 'स्कोप', म्हणजे 'याच एलिमेंटपासून', लिहावं लागतं. एखाद्या एलिमेंटवर क्वेरीसिलेक्टरऑल चालवलं की सिलेक्टरचा डावा भाग त्या एलिमेंटच्या बाहेरच्या पूर्वजांशीही जुळू शकतो, यामुळेही नको त्या ओळी हाती लागतात. त्यावरही इलाज स्कोपच. आणि 'व्हिजिबल', 'ईक्यू', 'फर्स्ट' हे सीएसएसचे सिलेक्टर नाहीतच, ते जेक्वेरीचे स्वतःचे होते.

तिसरी सवय डेटाची, आणि इथे चुका दिसतही नाहीत. जेक्वेरीचं डेटा फंक्शन एचटीएमएल टॅगवरच्या डेटा ॲट्रिब्यूटमधलं १२३ वाचून खरा आकडा देतं. ब्राउझरचं डेटासेट नेहमी अक्षरमाळाच देतं. त्यामुळे रकमेत एक मिळवायला गेलात तर १२४ ऐवजी १२३१ येतं. शिवाय जेक्वेरी ॲट्रिब्यूट एकदाच वाचते आणि मग स्वतःकडे जपून ठेवते. तिच्या डेटा फंक्शनने नवी किंमत ठेवली तर ती एचटीएमएलमध्ये लिहिलीच जात नाही. म्हणजे अर्धा कोड जेक्वेरीत आणि अर्धा डेटासेटवर असा असेल, तर दोघं एकाच वस्तूच्या दोन वेगळ्या किमती पाहत बसतात. डेटाचा वापर बदलायचा तर एका पानावरचा सगळा एकदम बदला. त्यात अधलीमधली अवस्था चालत नाही.

चौथी सवय ट्रिगरची, म्हणजे कोडमधूनच इव्हेंट जाहीर करण्याची. ती मी अनुभवाने शिकलो, म्हणून सविस्तर सांगतो. कर्जाच्या अर्जाचं एक पान होतं. जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी भरायची, तालुका निवडला की गावांची. ड्रॉपडाउनमध्ये टाइप करून शोधता यावं म्हणून जेक्वेरीचं एक प्लगइन लावलेलं होतं. मी आमचा कोड साध्या जावास्क्रिप्टमध्ये आणला, प्लगइन तसंच ठेवलं. माझ्या चाचणीत साधा सिलेक्ट होता, तिथे सगळं सुरळीत चाललं. प्रत्यक्ष पानावर जिल्हा निवडला तरी तालुक्यांची यादी रिकामी राहायची. कारण असं की प्लगइन निवड झाल्यावर जेक्वेरीच्या ट्रिगरने 'चेंज' जाहीर करायचं, आणि तो पुकारा जेक्वेरीने लावलेल्या हँडलरांपुरता असतो. क्लिक किंवा फोकसचं तसं नाही. त्यांची मूळ मेथड एलिमेंटवर असते, ती जेक्वेरी बोलावते आणि ब्राउझरचा खरा इव्हेंट निघतो. चेंज आणि इनपुटला अशी मेथडच नाही, त्यामुळे ॲडइव्हेंटलिसनरने लावलेल्या कानापर्यंत काहीच पोहोचत नाही. उलट दिशेने अडचण नाही: ब्राउझरच्या डिस्पॅचइव्हेंटने पाठवलेला इव्हेंट जेक्वेरीचे हँडलरही ऐकतात. अर्ज अर्धवट राहिलेल्या लोकांना पुन्हा फेरी मारावी लागली, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून नियम केला: आधी पाठवणारे बदलायचे, मग ऐकणारे. जिथे जिथे ट्रिगर आहे तिथे आधी डिस्पॅचइव्हेंट आणा, 'बबल्स' (इव्हेंट बाहेरच्या एलिमेंटपर्यंत वर चढू देणं) खरं ठेवून. आणि प्लगइन आतून ट्रिगर करत असेल तर एक छोटा दुवा लिहा, जो जेक्वेरीचा चेंज ऐकेल आणि खरा इव्हेंट पुढे पाठवेल. तो दुवा स्वतःचाच इव्हेंट पुन्हा ऐकून चक्रात अडकणार नाही एवढं बघा. जेक्वेरीच्या इव्हेंट वस्तूवर 'ओरिजिनलइव्हेंट' नसेल तरच पुढे पाठवायचं, एवढी तपासणी पुरते.

आता एचटीएमएल घालणं. डिव्हच्या इनरएचटीएमएलमध्ये टेबलची ओळ लिहिली तर पार्सर टीआर आणि टीडी टाकून देतो, उरतो तो नुसता मजकूर. जेक्वेरी अशा तुकड्याभोवती आधी टेबलचा सांगाडा घालायची आणि मग आतली ओळ उचलून द्यायची. आज टेम्प्लेट एलिमेंट आहे: त्याच्या इनरएचटीएमएलमध्ये काहीही तुकडा लिहा, त्याच्या कंटेंटमधून तो शाबूत मिळतो. तीन ओळींचं फंक्शन होतं. जेक्वेरीचं एचटीएमएल फंक्शन आतले स्क्रिप्ट टॅगही चालवतं, इनरएचटीएमएल चालवत नाही. हे ऐकून काही जणांना वाटतं की इनरएचटीएमएल सुरक्षित आहे. तसं मुळीच नाही. चित्राच्या टॅगवर ऑनएररमध्ये लिहिलेला कोड बिनदिक्कत चालतो. अर्जदाराने टाइप केलेलं नाव, पत्ता, शेरा यांतलं काहीही पानावर दाखवायचं तर टेक्स्टकंटेंटनेच. यात मी कुणालाच सूट देत नाही. आणि इनरएचटीएमएलला अधिक-बरोबर लावून मजकूर जोडू नका. सगळी मुलं मोडून नव्याने बांधली जातात, त्यांच्यावरचे लिसनर जातात, अर्धवट भरलेली खोकी रिकामी होतात. इन्सर्टॲडजेसंटएचटीएमएल त्यासाठीच आहे.

क्लिक ऐकण्यासाठी प्रत्येक बटणाला लिसनर लावू नका. बाहेरच्या एलिमेंटवर एकच लावा आणि आत काय दाबलं गेलं ते शोधा. इव्हेंटचं टार्गेट थेट तपासू नये, कारण बटणात एसव्हीजीचं चिन्ह असेल तर टार्गेट म्हणजे त्या चिन्हातली एखादी रेष असते. टार्गेटवरून क्लोजेस्टने वर चढा आणि सापडलेलं एलिमेंट खरंच आपल्या बाहेरच्या एलिमेंटच्या आत आहे ना, हे कंटेन्सने पाहा. दुसरी पायरी लोक विसरतात आणि मग एकात एक असलेल्या याद्यांमध्ये गोंधळ होतो. फोकस आणि ब्लर वर चढत नाहीत, म्हणून बाहेर ऐकायचं असेल तर फोकसइन आणि फोकसआउट घ्या. आयफोनवरच्या सफारीची एक जुनी खोड आजही लक्षात ठेवावी लागते: डिव्ह किंवा स्पॅनवर दाबलं आणि लिसनर डॉक्युमेंट किंवा बॉडीवर असला, तर क्लिक तिथवर पोहोचत नाही. त्या एलिमेंटला सीएसएसमध्ये कर्सर पॉइंटर दिलं की पोहोचतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे दाबायच्या गोष्टीसाठी बटणच वापरणं. की-बोर्डने चालणाऱ्यांना आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनाही तेच लागतं.

लपवण्या-दाखवण्यासाठी हिडन ॲट्रिब्यूट पुरेसं आहे. पण त्याच एलिमेंटला तुमच्या सीएसएसने डिस्प्ले फ्लेक्स दिलं असेल तर हिडन हरतं. हिडनला डिस्प्ले नन, इम्पॉर्टंटसकट, अशी एक ओळ सीएसएसमध्ये घालून ठेवा.

सगळ्या ब्राउझरांचं म्हणाल, तर आजचा खरा फरक कंपन्यांमध्ये कमी आणि फोनच्या वयात जास्त आहे. आयफोन ५एस आणि ६ हे आयओएस १२ वर थांबले. तिथे दुसरा ब्राउझर घालून उपयोग नाही, कारण आतलं इंजिन सिस्टिमचंच वेबकिट असतं. त्या सफारीत क्लोजेस्ट, अपेंड, रिमूव्ह, नोडलिस्टवरचं फॉरइच हे सगळं आहे. रिप्लेसचिल्ड्रन नाही, ते सफारी १४ मध्ये आलं. लिसनर एकदम काढण्यासाठीचा सिग्नल पर्याय १५ मध्ये आला. एखादी मेथड नसेल तर कोड त्या ओळीपाशी थांबतो, पण ब्राउझरला भाषेतलं एखादं चिन्हच कळलं नाही तर अख्खी फाइल वाचलीच जात नाही. प्रश्नचिन्ह-टिंब, म्हणजे ऑप्शनल चेनिंग, सफारीत १३.१ पासून आहे. नल टाळण्यासाठी ते एकदा जरी लिहिलं तर आयओएस १२ वर तुमच्या फाइलमधली एकही ओळ चालणार नाही. एक तर बिल्ड करताना जुन्या पद्धतीच्या जावास्क्रिप्टमध्ये उतरवा, नाहीतर या एका फाइलपुरतं ते वापरू नका. मी दुसरं करतो.

या फाइलमध्ये ॲरे किंवा एलिमेंटच्या प्रोटोटाइपवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक साच्यावर, काहीही चिकटवू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. मूटूल्स या जुन्या लायब्ररीने फार पूर्वी ॲरेला स्वतःचं फ्लॅटन जोडलं होतं. २०१८ मध्ये भाषेतच त्या नावाची मेथड आणायची वेळ आली, तेव्हा मूटूल्स वापरणाऱ्या जुन्या साइट मोडतील असं दिसलं आणि शेवटी तिचं नाव फ्लॅट ठेवावं लागलं. एका लायब्ररीच्या सोयीसाठी सगळ्या जगाच्या भाषेतला शब्द बदलला. साधी फंक्शनं लिहा, एलिमेंट पहिल्या जागी द्या, झालं.

तयार लायब्ररींबद्दल थोडक्यात. झेप्टो २०१० च्या सुमारास फोनसाठी आली तेव्हा उत्तम होती, पण तिची १.२.० ही आवृत्ती २०१६ ची आहे. नव्या कामात घेऊ नये. अंब्रेला दाबलेल्या रूपात सुमारे ३ किलोबाइट, कॅश सुमारे ६, आणि जेक्वेरी ३ सुमारे ३०. जुन्या कोडमध्ये साखळीने लिहिलेल्या शेकडो ओळी असतील, प्लगइन नसतील आणि वेळ कमी असेल तर कॅश घ्या. तिची लिखाणाची पद्धत जेक्वेरीच्या सगळ्यात जवळ आहे. तिच्यात एजॅक्स (पान न बदलता सर्व्हरशी बोलणं) आणि ॲनिमेशन नाही, तेवढं फेच आणि सीएसएसवर न्यावं लागेल. प्लगइन असतील तर जेक्वेरीच राहू द्या आणि निदान ३.५.० किंवा तिच्या पुढची आवृत्ती लावा. एचटीएमएल घालण्याच्या फंक्शनांमधली एक सुरक्षेची त्रुटी त्या आवृत्तीत, एप्रिल २०२० मध्ये, दुरुस्त झाली आहे.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो: पान जड वाटतं त्याचं कारण हे ३० किलोबाइट असतील असं धरून चालू नका. पानावरचा एखादा फोटो त्याच्या दहापट असू शकतो. माझ्या पाहण्यात जास्त वेळा सापडतं ते असं: चारशे ओळींच्या यादीत लूपमध्ये एका ओळीची उंची ऑफसेटहाइटने वाचायची, लगेच तिला स्टाइल द्यायची, मग पुढची ओळ. प्रत्येक वाचनाला ब्राउझरला पानाची मांडणी नव्याने मोजावी लागते, चारशे वेळा. आधी सगळ्या उंची वाचून घ्या, मग सगळं लिहा. नव्या ओळी डॉक्युमेंटफ्रॅगमेंटमध्ये जमवून एकदाच पानाला जोडा. स्वस्त फोनवर हा फरक हाताला जाणवतो.

तुमचा अर्ज मराठीत भरला जाणार असल्याने हेही पाहा. अँड्रॉइडच्या बहुतेक की-बोर्डांवर टाइप करताना कीडाउनमध्ये कीकोड २२९ येतो, कोणतंही अक्षर दाबलं तरी. म्हणून कीडाउनवरची अक्षर-तपासणी काढा आणि इनपुट इव्हेंट ऐका. एंटरने अर्ज पाठवायची सोय असेल तर आधी इजकम्पोजिंग (शब्द अजून जुळवला जातोय का) तपासा, नाहीतर सुचवलेला शब्द निवडतानाच अर्ज जाईल. अक्षरांची मर्यादा घालताना ध्यानात ठेवा की लेंग्थ 'महाराष्ट्र' या शब्दाला १० म्हणते, वाचणाऱ्याला मात्र चार अक्षरं दिसतात. मॅक्सलेंग्थही तसंच मोजतं. नावाच्या खोक्याला २० ची मर्यादा इंग्रजीत पुरेल, मराठीत आडनाव मध्येच तुटेल. नीट अक्षरं मोजायला इंटल सेगमेंटर आहे, पण फायरफॉक्समध्ये ते २०२४ च्या आवृत्ती १२५ पासूनच आलं.

तालुक्यांच्या यादीत टाइप करून शोधायची सोय असेल तर 'कऱ्हाड' नक्की शोधून पाहा. हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलनेत वेगळे ठरतात. नॉर्मलाइज फंक्शन नुक्त्याचा फरक मिटवतं, हा मिटवत नाही. तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंना दुसऱ्या तऱ्हेचं पहिलीत रूपांतर करणारी एक ओळ माझ्या फाइलमध्ये कायम असते. जेक्वेरीत ती कधीच नव्हती, आणि कॅश किंवा अंब्रेलातही मिळणार नाही.

कामाला लागताना आधी तुमच्या कोडमध्ये 'ट्रिगर' आणि 'डेटा' हे दोन शब्द किती जागी आहेत ते शोधा आणि जेक्वेरीवर चालणारी प्लगइन कोणती आहेत त्यांची यादी करा. नवी फाइल जेक्वेरीच्या शेजारीच लावा, एक एक पान बदला, आणि जेक्वेरीचा टॅग सगळ्यात शेवटी काढा. ते आकडे आणि प्लगइनची नावं कळवलीत तर कोणत्या पानापासून सुरुवात करावी ते मी पाहून सांगेन.